पट्टी घरच्यांनाही पाहू दे

प्रिय बेटा,

‘काकू, या आजारानं थकून जाते, तर घरचे म्हणतात कापूस वेचणीचा कंटाळा म्हणून ढोंग करते,’ असं तू लिहिलंस. मी तिथंच अडले.

माझी माय गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आतून फुटत होते, पण डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. बाया कुजबुजल्या, पोटच्या पोरीला रडू येईना! पुढं दोन वर्षांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर डोळे कोरडे. माझी दोनच भिजली. त्या पट्टीकडे पाहताना मायच आठवली.

तुझ्या-माझ्या या आजाराला शोग्रेन म्हणतात. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञांनी १९३३ साली तो सविस्तर मांडला. कुंपणानंच शेत खावं तसं होतं बघ. रोगांशी लढणाऱ्या आपल्याच पेशी लाळेच्या आणि आसवांच्या ग्रंथींवर उठतात. थकवाही त्याच आजाराचा, तुझ्या स्वभावाचा नव्हे. पुढच्या तपासणीला आईला सोबत ने. पट्टी तिलाही पाहू दे, थकव्याचं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे.

वेचणीला गेलीस तर अंग गळायच्या आधी बांधावर बस. एक दिवस जास्तीचं ओढलं की पुढचे दोन दिवस खाटेवर जातात, हे मी भोगलंय.

कोरडी भाकर तोंडात नुसती फिरते, म्हणून वरणात चुरून खा. दातांची हयगय करू नको. लाळ नसली की ते हिरड्यांपाशी किडतात. माझे चार गेले, तेव्हा कुणी कारण विचारलं नाही. फ्लोराईडची पेस्ट वापर. उन्हाळ्यात कूलरचा झोत तोंडावर घेऊ नको. सर्दीच्या काही गोळ्या कोरडेपणा वाढवतात, दुकानातून घेण्याआधी डॉक्टरांना विचार. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे या आजारावरचं औषध चालू असेल तर डोळ्यांचा पडदा किती दिवसांनी तपासायचा तेही विचारून ठेव. आणि कानाखाली, गळ्याला गाठ येऊन बसली, उतरेना, तर वेचणी, पोळा, लग्न काही असो, त्याच आठवड्यात दाखव. या आजारात क्वचित लसिकाग्रंथींचा कर्करोग होतो. तुला भीती घालत नाही, पण हे तुझ्यापासून लपवणारही नाही.

रविवारी फाईल घेऊन ये. वरण पातळच करते.

तुझी,
काकू