गव्हर्नरची आणीबाणी किती दिवसांची?

प्रश्न : अमेरिकेतील राज्यांचे गव्हर्नर आणीबाणी जाहीर करून केवळ आदेशांच्या बळावर कारभार करू शकतात, असे करोनाकाळात वाचले होते. ही आणीबाणी किती काळ लांबवता येते आणि तिला आवर कोण घालतो?

उत्तर : पूर, वणवा किंवा साथ आल्यावर विधिमंडळाची बैठक भरेपर्यंत थांबता येत नाही, त्यामुळे आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार निवडून आलेल्या गव्हर्नरकडे असणे रास्तच आहे. वाद होतो तो मुदतवाढीवरून.

मिशिगनमध्ये तो टोकाला गेला. तेथे 1976 च्या कायद्यानुसार 28 दिवसांपुढे आणीबाणी चालू ठेवण्यास दोन्ही सभागृहांची संमती लागत असे, तर 1945 च्या दुसऱ्या कायद्यात मुदतच नव्हती. विधिमंडळाने दिलेली मुदतवाढ 30 एप्रिल 2020 रोजी संपत असताना गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी जुनी आणीबाणी संपवली आणि त्याच दिवशी नवी जाहीर केली. साथ खरी होती आणि तातडीही खरी होती. तरीही ही वाट मान्य केली, तर 28 दिवसांची मर्यादा कागदावरच राहते, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2 ऑक्टोबर 2020 रोजी 1976 च्या कायद्याखालचा अधिकार 30 एप्रिलनंतर उरला नव्हता, असे एकमताने सांगितले. 1945 चा कायदा मात्र 4 विरुद्ध 3 मतांनी घटनाबाह्य ठरला, कारण त्याने कायदे करण्याचा विधिमंडळाचा अधिकार जवळजवळ निर्बंधाविना कार्यपालिकेच्या हाती सोपवला होता. साथीवरचे उपाय त्यामुळे थांबले नाहीत. सार्वजनिक आरोग्याच्या वेगळ्या कायद्याखाली आरोग्य विभागाने काही दिवसांतच मुखपट्टीचा आदेश काढला.

पेन्सिल्व्हेनियातील अडचण निराळी होती. विधिमंडळाने जून 2020 मध्ये आणीबाणी संपवण्याचा ठराव केला. परंतु तो गव्हर्नरपुढे ठेवावाच लागतो, असा तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. म्हणजे ज्याच्या अधिकाराला आवर घालायचा, त्याच्याच हाती नकाराधिकार, आणि तो ओलांडायला दोनतृतीयांश बहुमत! मे 2021 मध्ये मतदारांनी कौल देऊन राज्यघटनाच बदलली. आता आणीबाणी 21 दिवसांनी आपोआप संपते, विधिमंडळाचा ठराव झाला तरच पुढे चालते, आणि त्याच कारणासाठी नवी आणीबाणी जाहीर करायची झाली, तरी गव्हर्नरला आधी तोच ठराव मिळवावा लागतो.