मुलीला माणसाच्या स्मृतीवर संशोधन करायचंय. हे करिअर नेमकं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की मुलगी फोंड्यात बारावी सायन्सला आहे, डॉक्टर व्हायचं नाही म्हणते, माणसाला आठवतं कसं आणि विसरतो कसा याचाच अभ्यास करायचा म्हणते. यात करिअर असतं का, हे लोक दिवसभर करतात काय, आणि पोट भरतं का. मी मूळची डिचोलीकडची आणि हेच काम करते, म्हणून लिहायला बसले.

पोटाचं आधी उरकते. पीएच.डी. करताना नेट-जेआरएफ, म्हणजे सरकारी परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं. हे दर २०२३पासूनचे. मास्टर्सनंतर मला पीएच.डी.ला साडेसहा वर्षं लागली. त्यानंतर प्रकल्पावरच्या नोकऱ्या, दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या. एका प्रकल्पाचे पैसे आठ महिने अडकले होते, तेव्हा म्हापशात शिकवण्या घेऊन दिवस काढले. उपाशी कोणी मरत नाही, पण बँकेत लागलेल्या मामेभावाशी तुलना करायची नाही, एवढं घरात ठरवून टाका. शेजारीपाजारी 'मेंदूची डॉक्टर' म्हणून डोकेदुखीची गोळी विचारतील, तेही धरून चला.

वाटा बऱ्याच आहेत. बारावीनंतर आयसर या सरकारी विज्ञान संस्थांची परीक्षा देता येते, आपल्याला पुण्याचं जवळ. मानसशास्त्रातून येतात, फिजिक्स-इंजिनिअरिंगमधून येतात, एमबीबीएस करूनही येतात. पुढे बंगळुरूला निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूच्या आजारांची संस्था आणि आयआयएससी या विज्ञान संस्थेचं न्यूरोसायन्सचं केंद्र, हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, अलाहाबाद विद्यापीठाचं आकलनविज्ञानाचं केंद्र. पीएच.डी.साठी बहुधा गोव्याबाहेर जावं लागेल. संख्याशास्त्र टाळून मात्र कुठूनच जाता येत नाही. जीवशास्त्र घेतलं म्हणजे गणित सुटलं, अशा समजुतीत ती असेल तर आजच सांगा.

आता दिवसभर काय करतो ते. मेंदूची रंगीत चित्रं बघत बसतो असं लोकांना वाटतं. स्कॅन असतात, पण या विद्येचा पाया एका बाईने कागद, पेन्सिल आणि आरसा घेऊन घातलाय. तिची गोष्ट मुलीला जरूर सांगा.

ब्रेंडा मिल्नर. १९१८ साली मँचेस्टरला जन्म. केंब्रिजला गेल्या गणित शिकायला. यात आपल्या हातून फार काही व्हायचं नाही असं वाटल्यावर मानसशास्त्राकडे वळल्या. युद्धात रडारच्या कामावर होत्या. १९४४ला लग्न करून नवऱ्यामागे माँट्रियलला गेल्या, तिथे आधी शिकवण्याची नोकरी केली आणि १९५२ला, चौतिसाव्या वर्षी, डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञांकडे पीएच.डी. पुरी केली. तुमच्या मुलीला उशीर होईल याची काळजी असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

हेबनी त्यांना पेनफिल्ड या सर्जनकडे पाठवलं होतं. पेनफिल्ड अपस्माराच्या रोग्यांचा कानशिलामागचा, फिट जिथून सुरू होते तो, मेंदूचा भाग एका बाजूने काढत. सहसा त्याने स्मृतीला धक्का लागत नसे. पण दोघा रोग्यांची, एक इंजिनिअर आणि एक हातमोजे कापणारा कारागीर, नवं काही लक्षात ठेवण्याची ताकदच गेली. मिल्नरबाई आणि पेनफिल्ड यांनी तर्क लढवला की यांची दुसरी बाजू आधीपासूनच खराब असणार, म्हणजे ऑपरेशनने दोन्हीकडचा हिप्पोकॅम्पस, कानशिलाच्या आत खोलवर असलेला मेंदूचा छोटा भाग, गेल्यासारखं झालं. इंजिनिअर वारल्यावर शवचिकित्सेत दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस खरंच आक्रसलेला निघाला. हे निरीक्षण जाहीर झाल्यावर अमेरिकेत हार्टफर्डच्या स्कोव्हिल नावाच्या सर्जनने कळवलं की माझ्याकडेही असा एक आहे.

तो हेन्री मोलेसन. मरेपर्यंत जगाला फक्त 'एच. एम.' म्हणून माहीत होता. १९५३ला, सत्ताविसाव्या वर्षी, फिट थांबवण्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला होता. बुद्धी शाबूत, बोलणं शाबूत, लहानपणच्या आठवणी बऱ्याचशा शाबूत. पण बाई खोलीबाहेर जाऊन परत आल्या की पुन्हा नव्याने ओळख. मिल्नरबाई माँट्रियलहून रात्रीच्या गाडीने त्याच्याकडे जात. एकदा त्याला ५८४ हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. काही मिनिटं एकटा बसला तरी आकडा त्याच्याजवळ होता. कसा, म्हणून विचारलं तर म्हणाला, आठ लक्षात ठेवायचे, सगळ्यांची बेरीज सतरा, त्यातून आठ गेले राहिले नऊ, नवाचे दोन भाग पाच आणि चार. मनात सारखं घोळवत बसला होता बिचारा. घोळणं थांबलं, लक्ष दुसरीकडे गेलं, की आकडाही गेला आणि आपल्याला आकडा दिला होता हेही गेलं.

मग आरसा. कागदावर दुहेरी रेघेची चांदणी, हात आणि कागद थेट दिसत नाहीत, आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, पहिल्यांदा कोणालाही जमत नाही. तीन दिवसांत त्याचा हात सफाईने चालायला लागला. आणि तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, वाटलं होतं त्याहून हे सोपं निघालं. आधी केल्याचं त्याच्या गावीही नव्हतं! हाताला आठवत होतं, त्याला आठवत नव्हतं. स्मृती ही एकच एक वस्तू नाही, तिचे प्रकार आहेत आणि मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या, हे यातून हळूहळू उभं राहिलं. बाईंची विद्यार्थिनी सुझन कॉर्किन १९६२ला त्याला भेटली आणि २००८ला तो जाईपर्यंत त्याच्यावर काम करत राहिली. मिल्नरबाईंना २०१४ला मेंदूविज्ञानातलं मोठं काव्ली पारितोषिक मिळालं तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती.

मी काही मिल्नर नव्हे. पण कामाची जात तीच: एका माणसासमोर बसायचं आणि छोटा प्रश्न असा विचारायचा की उत्तराचा एकच अर्थ निघावा. हे जितकं सोपं वाटतं तितकंच अवघड आहे, आणि खेड्यात तर जास्तच.

सुरुवातीला सत्तरीतल्या एका वाड्यावर गेले होते. माझ्या हातात बाहेरच्या देशात बनलेली, भाषांतर केलेली चाचणी. त्यात एक प्रश्न: आपण कितव्या मजल्यावर आहोत? कौलारू घराच्या शेणाने सारवलेल्या ओसरीवर बसून मी हे विचारलं. चित्रं ओळखायची होती, त्यात पेंग्विन आणि अकॉर्डियन. मग तारीख. ती माई म्हणाली, "आज तिसरो आयतार." श्रावणातला तिसरा रविवार, तिची आयतारांची पूजा चालू होती. बरोबर होतं, पण कागदावर तारखेची जागा रिकामी राहिली म्हणून मी शून्य दिला. घरी येऊन बेरीज केली तर ठणठणीत बाई माझ्या कागदावर विसराळू ठरली होती. तो शून्य मला अजून टोचतो.

हा प्रश्न एकटीचा नाही. डिमेन्शियावर, म्हणजे स्मृतिभ्रंशावर, काम करणाऱ्या '१०/६६' नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाचं नावच त्यावरून पडलंय: रुग्णांतले दोन तृतीयांश गरीब-विकसनशील देशांत, म्हणजे ६६ टक्के, आणि त्यांच्यावर झालेलं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. या गटाचं काम गोव्यातही झालंय. घरी जाऊन रुग्णाच्या घरच्यांना आधार दिला तर काय फरक पडतो याची गोव्यात केलेली चाचणी २००८ला प्रसिद्ध झाली. तेव्हा मुलीने 'इथे काय आहे करण्यासारखं' असं म्हटलं तर सांगा, भरपूर आहे.

एक आजोबा मात्र मला जास्त शिकवून गेले. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला. दर दहा मिनिटांनी मला विचारायचे, "तूं खंयचें गो बाय?" म्हणजे तू कुठची गं. चवथीच्या आदल्या दिवशी गेले तर माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायचं चाललेलं. मुलगा केवणीच्या सालीच्या दोराने आंबाडे, चिबूड, सुपारीचे घोस बांधत होता. एक गाठ ढिली पडली. आजोबा उठले, त्याच्या हातातला दोर काढून घेतला, गाठ सोडली, दोन फेरे घेऊन अशी आवळली की नारळाची जोडीसुद्धा हलली नसती. थोड्या वेळाने मी विचारलं, माटोळी कोणी बांधली? वर बघून म्हणाले, पोरांनी बांधली असेल.

मला भरून आलं. एच. एम. डोळ्यांसमोर! त्याच रात्री माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे मिल्नरचं नव्हे. गाठ त्यांना पन्नास वर्षं येते आहे. जुनं कसब टिकलं, एवढंच तू पाहिलंस. एच. एम. नवीन शिकला होता.

खरं होतं. मग आजोबांना नवी गाठ शिकवायची ठरवलं, मालट्रकवाले ताडपत्रीवर घालतात ती. आधी आरशातली चांदणी करून बघितली होती, पण पेन्सिल धरायची सवयच नव्हती, त्यांनी वैतागून ती अंगणात भिरकावली. गाठीला पाच दिवस गेले. दर दिवशी नव्याने ओळख, नव्याने परवानगी. ही परवानगी नुसती सहीची बाब नाही. काल दिलेली आज त्यांच्या लेखी दिलेलीच नसते, म्हणून दर वेळी विचारायचं, आणि नको म्हणाले तर मुकाट्याने चहा पिऊन परतायचं. एक दिवस म्हणाले नको. बाकीच्या चार दिवसांत वेळ कमी कमी होत गेला. शेवटच्या दिवशी मी दोर हातात दिल्याबरोबर हात चालायला लागले आणि आजोबा सुनेला विचारत होते, ही बाय कोण.

यावर पेपर झाला नाही. एच. एम.च्या मेंदूतून काय काढलं हे सर्जनला ठाऊक होतं. आजोबांचा धड स्कॅनही नव्हता, त्यामुळे कुठला भाग गेलाय आणि कुठला उरलाय हे कशावरून सांगणार? पाच दिवसांचं काम एका वहीत राहिलं. अशा वह्या माझ्याकडे बऱ्याच आहेत, आणि मुलीकडेही साठतील.

तिला खरंच यात रस आहे का, हे घरबसल्या बघता येईल. मराठी-कोंकणीतले दहा साधे शब्द तिने स्वतः निवडावेत, एकमेकांशी संबंध नसलेले. आजीला वाचून दाखवावेत, वीस मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा माराव्यात, मग किती आठवले ते लिहावं. निदान करायचं नाही, आजीला नापास करायचं नाही, फक्त बघायचं. दुसऱ्या दिवशी वेगळे दहा. शब्द बदलले की आकडा का बदलतो, या प्रश्नाने ती अस्वस्थ झाली तर पुढचं बोलू, कंटाळली तर तेही बरंच आहे. टीव्ही बंद ठेवायला सांगा. आणि आजीला विचारत असताना तुम्ही स्वतः आत चहा करायला जा. माझ्या निम्म्या चाचण्या सुनांनी मागून उत्तरं सांगून वाया घालवल्यात.