ग्रामपंचायतीतला भारतनेटचा डबा बंद का, आणि तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

तुमचा प्रश्न असा: भारतनेटचा (फायबर केबलने ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट पोचवायची सरकारी योजना) डबा बसला, सरकारी यादीत गाव ‘जोडलेलं’ दिसतं, पण इंटरनेट नाही, आणि घरी कनेक्शन मिळेल का?

आधी डब्यावरचे दिवे बघा. पॉवरचा दिवाच बंद असेल तर दोष कार्यालयातच आहे. कुणीतरी प्लग काढून पंखा लावलेला असतो, नाहीतर बॅटरी गेलेली असते. लोडशेडिंगमध्ये पुन्हापुन्हा पूर्ण उतरलेली बॅटरी फार टिकत नाही. ‘पॉन’ (फायबर जोडणीचा) दिवा हिरवा आणि स्थिर, तरी नेट नाही, असं असेल तर बहुधा केबल ठीक आहे. मग प्लॅन घेतलाय का, बिल थकलंय का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारा.

‘एलओएस’ (सिग्नल तुटल्याचा दिवा) लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच पोचत नाही. डब्याला लागलेली पातळ पिवळी वायर कुठे घट्ट दुमडली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, ते पाहा. टोक काढून डोळ्यासमोर मात्र धरू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

वायर धड असेल तर त्याच मार्गावरच्या पुढच्या-मागच्या गावांत फोन करा. योजना २०११ मध्ये मंजूर झाली तेव्हा (नाव होतं नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क) तालुक्याच्या एक्सचेंजपर्यंत जायला बहुतेक ठिकाणी बीएसएनएलची जुनी केबल वापरली आणि तिथून गावापर्यंत नवी टाकली. पर्यायी वाट नाही. त्यामुळे एका ठिकाणी जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं अंधारात. खोली १.६५ मीटर ठरलेली होती, पण खडक लागला की ती कमी व्हायची; रस्ता रुंदीकरण आणि पाण्याची पाइपलाइन तिथेच केबल तोडतात. शेजारची गावंही बंद असतील तर सरपंचांनी एकत्र तक्रार द्यावी. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटमध्ये दोन बाजूंनी जोडणारी रिंग आहे. खरं तर ती पहिल्यापासूनच हवी होती.

महाराष्ट्रात एक गोंधळ होतो. पहिल्या टप्प्यातली गावं बीएसएनएलकडे, दुसऱ्या टप्प्यातली महानेटकडे (राज्य सरकारचा फायबर प्रकल्प). डब्यावरचं लेबल बघूनच अर्ज करा, नाहीतर कागद दोन कार्यालयांत फिरत राहतो.

तंत्रज्ञ आला की पॉवर मीटरचा (फायबरमधला प्रकाश मोजणारं यंत्र) आकडा विचारून लिहून घ्या. डब्यापाशी साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी) चालतं. उणे ३० म्हणजे बहुधा वाटेतले फायबरचे जोड खराब आहेत. नवा डबा बसवून उपयोग नाही.

घरच्या कनेक्शनसाठी बीएसएनएलच्या ‘भारतनेट उद्यमी’ला (घरोघरी कनेक्शन देणारा स्थानिक व्यावसायिक) गाठा. प्रकाश स्प्लिटरने वाटला जातो: आठ घरांना वाटला की साधारण १० डीबी जातात (म्हणजे उण्यापुढचा आकडा १० ने वाढतो), बत्तीसला १७. म्हणून ग्रामपंचायतीतला आकडा आधीच काठावर असेल तर त्या फायबरवर घरं वाढवण्याआधी जोड दुरुस्त करून घ्या.