कार्ड घेण्याआधी फर्मवेअर विचार
भाऊ, मशीनला जास्त डिस्क जोडायला कोणतं कार्ड घ्यावं म्हणतोस, तर रेडवालं (डिस्क स्वतःच एकत्र करून चालवणारं) महागडं कार्ड घेऊ नको. झेडएफएसला (डिस्कवरचा डेटा सांभाळणारी फाइल सिस्टीम) डिस्क थेट दिसायला हव्यात, म्हणून साधं एचबीए (डिस्क फक्त जोडून देणारं कार्ड) बघ. जुनं एलएसआय ९२११-८आय मस्त चालतं. त्याला आठ डिस्क जोडता येतात, लिनक्समध्ये ड्रायव्हर आधीच असतो. विकणाऱ्याला एवढंच विचार, फर्मवेअर (कार्डातलं सॉफ्टवेअर) आयटी मोडचं, म्हणजे डिस्क जशीच्या तशी दाखवणारं आहे का? आयआर (रेडवालं) असेल तर फ्लॅश करत, म्हणजे फर्मवेअर बदलत बसावं लागेल. केबल ‘फॉरवर्ड’ प्रकारचीच (कार्डाकडून डिस्ककडे जाणारी) माग. उलटी (‘रिव्हर्स’) केबल दिसते अगदी तशीच, पण डिस्क सापडत नाही.

आणि ही कार्डं सर्व्हरमधल्या जोरदार हवेसाठी बनलेली. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हीटसिंकला बोट टेकवत नाही. त्यावर छोटा पंखा बांधच. कूलरची ओली हवा मात्र कॅबिनेटवर सोडू नको. लाइन तर जातेच, यूपीएस घेतला ना?