नेदरलँड्सला यायच्या आधी आठ थ्रेड चालवून पाहा

भाऊ, तू विचारलंस की परसोडीच्या आयटी पार्कातून नेदरलँड्सला यायचं तर पायथनचं ते ‘गिल’ प्रकरण (थ्रेड, म्हणजे एका प्रोग्राममधली समांतर कामं, एका वेळी एकच चालू देणारं कुलूप) किती वाचावं, आणि आता ते निघतच असेल तर शिकून फायदा काय.

फायदा आहे. मी इथे मुलाखती घेतो, त्यात व्याख्या विचारत नाही. मी विचारतो, “आठ कोरवर आठ थ्रेड लावले, तरी काम तेवढ्याच वेळात होतं. काहून?” आपली पोरं ‘मल्टिप्रोसेसिंग लावा’, म्हणजे थ्रेडऐवजी वेगळ्या प्रोसेस चालवा, म्हणून मोकळी होतात, आणि पुढच्या प्रश्नाला अडकतात.

तू उत्तर मुळातून सांग. सीपायथनमध्ये, म्हणजे आपण नेहमी वापरतो त्या पायथनमध्ये, प्रत्येक ऑब्जेक्टला रेफरन्स काउंट असतो, म्हणजे तो किती ठिकाणी वापरात आहे याची मोजणी. दोन थ्रेडनी तो एकाच वेळी बदलला तर हिशेब चुकतो आणि वापरातली मेमरी मोकळी होऊन बसते. म्हणून कोड चालवणाऱ्या इंटरप्रिटरला एकच कुलूप, तेच गिल. शेगड्या आठ पेटल्या, पण झारा एकच! डेटाबेसची वाट पाहणारा थ्रेड कुलूप सोडतो, त्यामुळे वेबच्या कामात हे फारसं जाणवत नाही, आकडेमोडीत जाणवतं. प्रोसेस वेगळ्या केल्या तर सुटतं, पण डेटा पिकल करून, म्हणजे बाइट्समध्ये बांधून, इकडून तिकडे न्यावा लागतो. मोठी डेटाफ्रेम, म्हणजे डेटाचा तक्ता, अशी फिरवली की वाचवलेला वेळ तिथेच खर्च.

गिल काढायचा लॅरी हेस्टिंग्जचा २०१६ चा प्रयत्न, ‘गिलेक्टॉमी’, एका थ्रेडचा वेग फार पडला म्हणून बारगळला. सॅम ग्रॉसचा पेप ७०३, म्हणजे गिल ऐच्छिक करायचा पायथनमधला प्रस्ताव, मात्र २०२३ मध्ये मंजूर झाला. त्यात ऑब्जेक्ट बनवणाऱ्या थ्रेडची मोजणी स्वस्तात होते, बाकीच्यांची वेगळी ठेवतात. पायथन ३.१३ मध्ये ते प्रायोगिक होतं, ३.१४ मध्ये अधिकृत झालं. तरी त्याचा बिल्ड, म्हणजे पायथनची तयार प्रत, वेगळाच घ्यावा लागतो, आणि एकट्या थ्रेडचा वेग साधारण ५ ते १० टक्के घटतो.

नावाशेवटी ‘टी’ असलेला तो ३.१४ बसव, मूळ संख्या शोधणारं फंक्शन आठ थ्रेडवर चालव, शेजारी सीपीयूचा वापर दाखवणारं ‘टॉप’ उघडं ठेव. साध्या बिल्डमध्ये टक्क्यांचा आकडा १०० च्या आसपास अडकतो, यात ८०० कडे धावतो. मग गिलशिवाय चालतो असं जाहीर न केलेलं एखादं जुनं सी एक्स्टेन्शन (सी भाषेत लिहिलेलं पायथनचं मॉड्यूल) इम्पोर्ट कर: एक इशारा छापून गिल परत चालू, आकडा धपकन खाली. हे डोळ्यांनी पाहिलेला उमेदवार दोन वाक्यांत ओळखू येतो. अन् मे महिन्यात मोजत असशील तर लॅपटॉप कूलरसमोर ठेव बाप्पा. तापला की तो स्वतःच वेग उतरवतो आणि मोजमाप फसतं.

कागदांचं थोडक्यात. कंपनी आयएनडीच्या, म्हणजे इथल्या इमिग्रेशन खात्याच्या, मान्यताप्राप्त प्रायोजकांच्या यादीत आहे का ते आधी बघ, अर्ज तीच करते. तिशीच्या आत पगाराची अट कमी आहे. कराची ३० टक्के सवलत, म्हणजे पगाराचा ३० टक्क्यांपर्यंत भाग करमुक्त, हवी तर करारावर सही नागपुरात असतानाच कर, इथे येऊन नोकरी शोधू नकोस. २०२७ पासून ती २७ टक्के होते. आणि ऑफर आली की पगाराची घासाघीस करण्याआधी राहायची सोय किती महिने देता ते विचार. इथे घर मिळवणं नोकरीपेक्षा अवघड आहे.