सैन्यसेवेनंतर हवामानशास्त्र

प्रश्न : सैन्यात ६ वर्षे धावपट्टीवर हवामानाच्या नोंदी घेतल्या. आता विद्यापीठात हवामानशास्त्र शिकायचंय, पण गणिताचा सराव सुटलाय. जमेल का?

उत्तर : जमेल, पण आधी गणित. प्रवेशापूर्वी रोज तासभर कलनशास्त्र, सदिश आणि अवकल समीकरणं हातानं सोडवा. नुसतं वाचून भागत नाही. बहुतेकांची गाडी वातावरणीय गतिकीत अडते, कारण तिथे न्यूटनचा दुसरा नियम फिरत्या पृथ्वीवर लावावा लागतो. ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीच्या हवेत १०० किलोमीटरमागे १ हेक्टोपास्कल दाबफरक असेल, तर घर्षण सोडून वारा सेकंदाला सुमारे ८ मीटर येतो. हे स्वतः काढून पाहा! मेटार, म्हणजे विमानतळावरचा सांकेतिक हवामान अहवाल, वाचायची सवय मोलाचीच. तिचे श्रेयांक मिळतील का, ते प्रवेशाआधी लेखी विचारा.