नायट्रो इंधन घेताना आधी तेलाचा आकडा विचारा

(इंजिनावर चालणाऱ्या रिमोटच्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न. या गाड्यांच्या इंधनात मेथॅनॉल, तेल आणि नायट्रो म्हणजे नायट्रोमिथेन असतं. उत्तरं देणारे लेखक कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात 30 वर्षं इंजिन दुरुस्तीच्या कामात आहेत.)

प्रश्न : मी 1/8 मापाची जुनी बगी घेतली आहे. इंजिन 3.5 सीसीचं आहे. दुकानदाराकडे 20 टक्के आणि 30 टक्के नायट्रोचे डबे आहेत. मित्र म्हणतो, 30 घे, गाडी उडेल. शिवाय मावसभावाकडे मॉडेल विमानाचं इंधन उरलंय, ते चालेल का? — एक वाचक, तळेगाव दाभाडे

तुम्ही नायट्रोचे दोन आकडे कळवलेत, तेलाचा एकही नाही. दुकानात परत जा आणि दोन्ही डब्यांत तेल किती टक्के आहे ते विचारा. सांगता आलं नाही तर तो डबा घेऊ नका, मग नायट्रो कितीही असो.

लुना किंवा जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवलेल्यांना आठवत असेल, पेट्रोलमध्ये दोन-चार टक्के तेल घालावं लागायचं. तुमच्या बगीचं इंजिनही टू-स्ट्रोकच आहे. त्याला तेलाची वेगळी टाकी नाही, पंप नाही. पिस्टन, स्लीव्ह, कनेक्टिंग रॉडचं बुश, बेअरिंग या सगळ्यांना जे तेल मिळतं ते इंधनातूनच. त्यात हे इंजिन मिनिटाला 30 हजार फेऱ्यांच्या वर जातं. म्हणून गाडीच्या नायट्रो इंधनात साधारण 8 ते 16 टक्के तेल असतं. 8-9 टक्क्यांचं इंधन शर्यतवाल्यांसाठी. ते शर्यतीच्या दर फेरीला निडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, जुळवतात, इंजिन वारंवार उघडतात. मैदानावर हौसेनं गाडी पळवणाऱ्यानं 12 टक्क्यांच्या खाली उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत मला महागात पडून मिळालं. सहा वर्षांपूर्वी नवं कोरं 3.5 सीसी इंजिन बसवलं आणि एका विक्रेत्यानं दिलेला 30 टक्क्यांचा डबा ओतला. निडल जुन्या इंजिनाच्या अंदाजानं ठेवली होती. मे महिन्यातली दुपार होती. तिसऱ्या टाकीला आवाज एकदम चिरका झाला आणि इंजिन जागेवर थांबलं. घरी येऊन उघडलं तर रॉडचं खालचं बुश लांबट झालेलं आणि पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूनं उभे ओरखडे. डब्यात तेल 8 टक्केच होतं, हे मी नंतर विचारलं. आधी विचारायला हवं होतं.

आता नायट्रोचं बोलू. डब्यातला मुख्य पदार्थ मेथॅनॉल. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला साधारण 14.7 किलो हवा लागते, मेथॅनॉलला 6.4 किलो आणि नायट्रोमिथेनला जेमतेम 1.7 किलो. म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढ्याच हवेत जास्त इंधन जाळता येतं आणि ताकद वाढते. पण ते जास्तीचं इंधन आत जायला निडल उघडावी लागते. तुम्ही 20 वरून 30 वर गेलात आणि निडल तशीच ठेवलीत, तर मिश्रण लीन होतं. लीन झालं की इंधन कमी, म्हणजे तेलही कमी, आणि उष्णता जास्त. माझ्या इंजिनाचं नेमकं हेच झालं. शिवाय 30 ला हेडखाली बहुतेक वेळा 0.1 मिमीची एखादी शिम, म्हणजे पातळ चकती, वाढवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उतरवावं लागतं आणि प्लगही थंड जातीचा, म्हणजे कमी तापणारा, लागतो.

तुमचं इंजिन जुनं आहे, त्याच्या पोटात काय आहे ते तुम्हाला अजून माहीत नाही. तेव्हा 20 टक्के घ्या, तेल 12 किंवा जास्त बघून. इंजिनासोबतचं माहितीपत्रक मिळालं तर त्यातला आकडा माझ्या सल्ल्याच्या वर माना. सुरुवातीला निडल थोडी जास्तच उघडी ठेवा. गाडी पळताना मागे निळसर-पांढऱ्या धुराची बारीक रेघ दिसलीच पाहिजे. गाडी थांबवल्यावर हेडवर पाण्याचा थेंब टाका. तो दोन-तीन सेकंद चरचरून उडाला तर ठीक. टाकताक्षणी टुणकन उडून गेला तर इंजिन फार तापलंय, निडल उघडा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर प्लगजवळ 100 ते 120 अंश सेल्सिअसच्या आसपास राहू द्या. एकदा जमलेलं इंधन उगाच बदलू नका. कंपनी बदलली तरी निडल पुन्हा जुळवावी लागते.

विमानाच्या इंधनात तेल सहसा 18 टक्क्यांच्या आसपास आणि नायट्रो 5 ते 15 टक्के असतं. त्यानं इंजिन मरणार नाही, पण गाडी सुस्त पळेल, आयडलला (उभ्या गाडीत इंजिन मंद चालताना) धडपडेल आणि पाइपातून तेल गळेल. मावसभावाला त्याच्या विमानासाठी राहू द्या.

प्रश्न : मी अकरावीत आहे. नायट्रो इंधन फार महाग पडतं. गाडीत पेट्रोल घातलं तर? किंवा मेथॅनॉल आणून त्यात मेडिकलमधलं एरंडेल मिसळलं तर? — एक विद्यार्थी, इचलकरंजी

पेट्रोल नको. तुझ्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नाही. ग्लो प्लगच्या तारेत प्लॅटिनम असतं आणि मेथॅनॉलची वाफ त्याला लागली की ती तार तापलेली राहते. म्हणून सुरू करताना दीड व्होल्ट दिले की पुढे बॅटरी काढली तरी इंजिन चालतं. पेट्रोलशी प्लॅटिनमचं हे नातं जमत नाही. वर सिलिकॉनच्या नळ्या पेट्रोलनं फुगतात.

एरंडेलाचा विचार मात्र तू चुकीचा केलेला नाहीस. एरंडेल मेथॅनॉलमध्ये छान मिसळतं आणि फार तापलं तरी पटकन जळून जात नाही, घट्ट होऊन धातूला चिकटून राहतं. निडल चुकलेल्या कितीतरी इंजिनांना त्यानं वाचवलंय. त्याचा दोष असा की पिस्टनवर तपकिरी थर धरतो. सिंथेटिक तेल स्वच्छ राहतं, पण उष्णतेत आधी हार मानतं. म्हणून चांगल्या इंधनात बहुतेक भाग सिंथेटिक आणि थोडं एरंडेल असतं. डब्यावर एरंडेलाचा उल्लेख दिसला तर मला बरं वाटतं. मेडिकलमधलं एरंडेल मात्र पोटासाठी आहे. इंजिनाचं वेगळं असतं, चिकट अंश काढून टाकलेलं.

घरी मिसळू नकोस, आणि हे मी तुला कळकळीनं सांगतोय. 2015 च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला विषारी दारूनं 100 हून अधिक माणसं गेली. त्या दारूतलं विष मेथॅनॉलच होतं. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात. कातडीतून आणि वाफेतूनही ते शरीरात शिरतं. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही, हात भाजल्यावर कळतं. पैसे वाचवायचे असतील तर दोघा-तिघांत मिळून एक मोठा तयार डबा घ्या आणि महिन्याभरात संपवा. टाकी भरताना घरातलं मोठं माणूस जवळ असू दे.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, सध्या जर्मनीत असतो. इथे 16 टक्क्यांच्या वरचं इंधन मिळत नाही. तिकडे सगळे 25 वापरतात. माझं इंजिन त्यावर नीट चालेल का? — एक वाचक, स्टुटगार्ट

चालेल. युरोपीय संघानं फेब्रुवारी 2021 पासून सर्वसामान्य ग्राहकासाठी नायट्रोमिथेनची मर्यादा 16 टक्क्यांवर आणली, कारण स्फोटकं बनवायला त्याचा गैरवापर होतो. त्याआधी ती 30 होती. पण हे टक्के वजनाने आहेत, हे ध्यानात ठेवा. नायट्रोमिथेन मेथॅनॉलपेक्षा बरंच जड आहे, म्हणून वजनाने 16 म्हणजे मापाने साधारण 12 टक्केच होतात. हेडखालची एखादी शिम काढा, थोडा गरम प्लग लावा आणि निडल नव्यानं जुळवा.

इकडच्या वाचकांनीही दुकानात विचारावं, टक्के वजनाने की मापाने? वजनाने 20 म्हणजे मापाने 15.

प्रश्न : पावसाळ्याआधी आणलेला अर्धा डबा नवऱ्यानं पोटमाळ्यावर ठेवलाय. दिवाळीत मुलगा गाडी काढणार आहे. ते इंधन वापरावं का? — एक वाचक, रत्नागिरी

ताई, नका वापरू. मेथॅनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा भरपूर. त्यातून कोकणातले चार महिने आणि पत्र्याखालचा उकाडा. गढूळ दिसलं नाही तरी आत पाणी असू शकतं. मग इंजिन आयडलला बंद पडत राहतं आणि बेअरिंगला गंज धरतो. मोरीत मात्र ओतू नका, ज्या दुकानातून आणलं तिथे परत घेतात का ते विचारा.

नवा डबा लहान आणा. झाकण घट्ट, जागा सावलीची, आणि गॅसच्या शेगडीपासून, देवघरातल्या समईपासून लांब. पाण्याच्या बाटलीत कधीच काढून ठेवू नका. गुलाबी-निळं दिसतं ते, लहान मूल सरबत समजून तोंडाला लावेल.

आणि इंजिनही तेव्हापासून तसंच पडलं असेल. मुलाला सांगा, आधी प्लग काढून आत दोन-तीन थेंब आफ्टर-रन तेल (इंजिन ठेवून देताना आत सोडायचं तेल) सोड आणि फ्लायव्हील हातानं फिरवून बघ. अडलं तर ओढू नकोस, तेल मुरू दे, दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरव.